दादाचं लोणार

छत्रपती संभाजीनगरला जाता, अजिंठा-वेरूळ करता आणि परत फिरता? मग आणखी एक दिवस काढा. जालन्यावरून साधारण दीडशे किलोमीटरवर, बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्केने काळ्या बेसाल्टमध्ये खोदलंय. त्याचं वय कुणी ५० हजार वर्षं सांगतं, तर कुणी साडेपाच लाखांच्या पुढे. वाद चालू द्या, तुम्ही पहाटे कडा गाठा.

आम्ही शेजारच्या मेहकरचे. त्यामुळे लोणार म्हणजे आमच्यासाठी सुट्टीतली एस.टी., धारेच्या गोमुखाखाली आंघोळ आणि दादा. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक तो खाली मातीत फिरवायचा. काळे कण केसांसारखे चिकटायचे. ‘आकाशातून पडलंय हे!’ (बेसाल्टमध्येही लोहखनिज असतंच. पण हे त्याला सांगणार कोण?) गोष्टही तोच सांगायचा. लोणासुर कुठे लपलाय, हे म्हणे त्याच्या दोन बहिणींनीच विष्णूला सांगून टाकलं. ‘बहिणी अशाच असतात,’ म्हणून मला चिडवायचा.

२०१४ मध्ये दादा अमेरिकेला गेला. सॉफ्टवेअर, एच-वन-बी, एकदम टिपिकल. नोकरी मिळाली फिनिक्सला. पहिल्याच लाँग वीकएंडला साहेब ॲरिझोनाच्या मीटिअर क्रेटरवर! रात्री फोन : ‘तिकीट काढून पाहिलं. जेमतेम १.२ किलोमीटर. पाणी नाही, झाड नाही. आपलंच भारी.’ आई म्हणाली, ‘घरचा खड्डा सोडून तिथला पाहाले गेला काय?’

२०२०च्या जूनमध्ये लोणारचं खारं पाणी गुलाबी झालं. ती करामत त्यातल्या सूक्ष्मजीवांची होती. घरात ही बातमी पहिल्यांदा कळली ती दादाकडून.

ग्रीन कार्डची रांग काही सरकत नाही. इकडे आलं आणि व्हिसाचा शिक्का अडकला तर, या धास्तीने तो येत नाही. यंदा मेहकरचं घर विकलं, तेव्हाही त्याच्याकडून आलं ते फक्त मुखत्यारपत्र. सह्या मी केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लोणारच्या कड्यावरून त्याला व्हिडिओ कॉल लावला. तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. घराबद्दल तो काहीच बोलला नाही. ‘थोडं डावीकडे फिरव,’ म्हणाला, ‘कमळजादेवीचं देऊळ दिसतंय का बघू.’ वीस मिनिटं मी फोन फिरवत होते.