मामांचे अक्रोडी तुरे

मेहकरला जाणारा बहुधा शारंगधर बालाजीच्या दर्शनासाठी जातो. १८८८ साली जमिनीतून निघालेली ती भव्य मूर्ती पाहून मीही थक्क झालो. पण खरे सांगायचे तर पैनगंगेकाठच्या या गावी मला ओढून नेले ते आमच्या सौभाग्यवतींच्या मामांच्या खुराड्याने. निवृत्त शिक्षक, माळकरी माणूस, आणि छंद कोंबड्यांचा! (मामींनी याविषयी माझ्याजवळ बरीच तक्रार केली.)

मामांकडे एक असील कोंबडा होता. तुरा बुटका, तीन रांगांचा. बाजारातून आणलेल्या कोंबडीचा तुरा पसरट, दाणेदार. पिले वाढली ती मात्र अक्रोडासारखा तुरा घेऊन! ना आईचा, ना बापाचा. १९०२ साली केंब्रिजच्या विल्यम बेटसनने कोंबड्यांच्या अशाच संकरांवरून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले होते.

“पण जावईबापू, पुढच्या पिढीत घोटाळा होतो,” मामा म्हणाले. सोळांत सरासरी नऊ अक्रोडी, तीन बुटके, तीन पसरट आणि एक चक्क करवतीसारखा उभा! त्या नऊ अक्रोडींतही पुढे तोच तुरा हमखास चालवणारा एकच. जात पक्की करायची तर बाकीचे निवडून काढावे लागतात.

“मग काढलेल्यांचे काय करता?”

मामांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. “विकले, तर कुणाच्या तरी पातेल्यात जायचे.”

सात वर्षांत जात पक्की झाली नव्हती; खुराडे मात्र तीनदा वाढवले होते. संध्याकाळी करवती तुऱ्याचे एक पिलू बाहेर राहिले, तेव्हा बॅटरी घेऊन मामाच त्याला शोधायला निघाले.