डेट्रॉइटचा एक रस्ता

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी जाणारा प्रवासी बहुधा नदीकाठचे उंच मनोरे पाहून परततो. आम्ही मात्र ग्रँड बुलेव्हार हा रस्ता धरला. घोड्याच्या नालाच्या आकाराने जुन्या शहरास वेढणारा हा सुमारे १२ मैलांचा मार्ग. 'प्रगती' ह्या शब्दाची पारख करावयास ह्याहून चांगली जागा आम्हांस ठाऊक नाही.

पूर्वेच्या बाजूस पॅकार्ड मोटारींचा कारखाना १९०३ साली उभा राहिला. १९५६ नंतर तेथून मोटार निघाली नाही, आणि २०२२ पासून त्याचे अवशेष पाडले जाऊ लागले. पश्चिमेस २६४८ क्रमांकाचे लहानसे घर आहे. मोटारींच्या कारखान्यात राबलेल्या बेरी गॉर्डी ह्यांनी १९५९ साली तेथे मोटाऊनची ध्वनिमुद्रणशाळा मांडली आणि साच्यातून काढावीत तशी लोकप्रिय गीते बाहेर काढली. १९७२ साली तीही संस्था लॉस एंजेलिसला निघून गेली. शहराची वस्ती १९५० साली साडेअठरा लाख होती. २०२० साली ती सहा लाख चाळीस हजारांच्या आत आली.

ह्याच रस्त्याच्या पूर्व भागात ३००० क्रमांकाची एक साधी इमारत आहे. आगाऊ कळविल्यावाचून आत जाता येत नाही. आत 'टेक्नो' नामक संगीताचे छोटेखानी संग्रहालय असून जुनी वाद्ययंत्रे व तबकड्या मांडलेल्या आहेत. हे संगीत ज्यांनी ऐकले नसेल त्यांस एवढेच सांगतो, की त्यात गाणारा बहुधा नसतो. मिनिटास सव्वाशे-दीडशे ह्या गतीने ठोका अखंड चालतो, आणि त्यावर यंत्रांचे सूर थरांनी चढत-उतरत राहतात. वडील मंडळींस तो कारखान्याचा खडखडाट वाटेल. तसे वाटण्यात फारशी चूकही नाही.

शहराबाहेरील बेलव्हिल गावच्या शाळेत शिकलेले ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे व केव्हिन सॉन्डर्सन हे तीन कृष्णवर्णीय तरुण ह्याचे आद्य कर्ते होत. १९८८ साली लंडनहून त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या रचनांचा संग्रह निघाला व 'टेक्नो' हे नाव रूढ झाले. त्यांची साधने कोणती होती? रोलँड ह्या जपानी कंपनीचे ८०८ हे तालयंत्र १९८० साली निघाले व १९८३ साली बंद पडले. ते खऱ्या तबलजीसारखे, म्हणजे त्यांच्याकडील ड्रमवाल्यासारखे, वाजत नाही म्हणून पुष्कळांनी त्यास नाके मुरडली. अशी टाकून दिलेली यंत्रे जुन्या बाजारात स्वस्त मिळत. माणसाची नक्कल करण्यात जे हरले, त्यास ह्या मुलांनी यंत्राच्याच आवाजात बोलू दिले. आमच्या मते प्रगती येथे झाली. यंत्र निघाले तेव्हा नव्हे.

पुढे युरोपात चढाओढ लागली. ठोके पावणेदोनशेंवर गेले, आणि वेगासच लोक पुढारलेपण समजू लागले. त्यावर ह्याच शहरातील रॉबर्ट हूड ह्यांनी १९९४ साली 'मिनिमल नेशन' ही तबकडी काढून जे उत्तर दिले, ते वजाबाकीचे होते. ठोका, एक-दोन स्वरपंक्ती, आणि त्यांत हळूहळू होणारा अगदी बारीक फरक. बाकी सारे काढून टाकलेले. दोन-तीन स्वरांतच दीर्घकाळ रमणारा आपल्याकडील जाणता गवई ज्यांनी ऐकला आहे, त्यांस ह्यात नवल वाटू नये. संगणकावर आज हवा तो नाद क्षणात मिळतो. पण काय टाळावे, हे तो सांगत नाही.

ह्या कथेला मुंबईचेही एक पान आहे. चित्रपटसंगीतातील वादक चरणजितसिंग ह्यांनी १९८२ साली ह्याच ८०८ यंत्रावर व त्याच कंपनीच्या ३०३ ह्या खर्जयंत्रावर दहा राग डिस्कोच्या तालात बसवून तबकडी काढली. शिकागोतील पोरांनी ३०३चा असाच उपयोग केलेली प्रसिद्ध तबकडी निघाली ती १९८७ साली. अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु पहिलेपणा ही प्रगती म्हणता येईल काय? हूड ह्यांना अ‍ॅटकिन्स ऐकावयास मिळाले होते, म्हणून पुढचे पाऊल पडले. चरणजितसिंगांची तबकडी फारशी खपली नाही, ती ऐकून कोणी पुढची रचना केली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातील रसिक चकित झाले, आणि सत्तरीतल्या ह्या वादकास युरोपात वाजविण्याची आमंत्रणे येऊ लागली. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.