आक्का, पुढचं?

लग्न होऊन मी अमरावतीहून कोल्हापुरात आले ती १९८८च्या उन्हाळ्यात. शुक्रवार पेठेतली अरुंद गल्ली, खाली चार पावलांवर पंचगंगा. पहिल्याच महिन्यात मी सासूबाईंना मोठ्या उत्साहानं विचारलं, "आत्याबाई, आपल्याकडे महालक्ष्म्या कधी बसवतात?" त्यांनी हातातली पळी थांबवली. "महालक्ष्मी? ती देवळात बसलीया की गं कवाची! तिला आपण काय बसवणार?" आमच्या वऱ्हाडात भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा येतात, त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. इथं त्या गौरी, आणि महालक्ष्मी म्हणजे साक्षात अंबाबाई. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. समोरच्या आक्कांनी दारातूनच हाक मारली, "काय गं वऱ्हाडीण, कुठनं आलीस म्हणं?"

तेव्हापासून मी वऱ्हाडीण. वऱ्हाडातली म्हणून वऱ्हाडीण आणि लग्नाला आलेली म्हणूनही वऱ्हाडीण. आक्कांना शब्दाचे असे दोन्ही काठ पकडायला आवडायचं.

आक्का आमच्या नात्यातल्या नव्हत्या. एका खोलीत एकट्या राहायच्या. खानावळींना आणि ओळखीच्या घरांना कांदा-लसणाची चटणी करून द्यायच्या. विसाव्या-बाविसाव्या वर्षीच त्यांचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, एवढंच मला सांगण्यात आलं. त्यांच्या दारात कायम मिरच्यांचं पोतं असायचं, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी चवीला. दुपारी देठं खुडायला मी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. नव्या नवरीला दुपार फार लांब असते.

देठं खुडता खुडता त्या गुणगुणायच्या. पंचमीची गाणी, फेराची गाणी, माहेरच्या वाटेची गाणी. मी आमच्याकडची भुलाबाईची गाणी म्हणून दाखवली. भादवी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली टिपऱ्या घेऊन म्हणतात ती. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाल्या, "हादग्याचीच भैन दिसतीया. पर हितं ही चालायची न्हाईत. गौर आली की तुला फेरात उभं करतील. मी सांगतो, तू म्हण."

"मी सांगतो." कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, मी जातो, मी करतो. मला आधी हसू यायचं. माझं 'जाऊन राहिली, करून राहिली' ऐकून त्यांनाही हसू यायचं. हिशेब बरोबर होता.

गाणी मला येत गेली. पंचाईत फुगडीची होती. आमच्याकडे मुली फुगड्या घालतात, पण कोल्हापुरातल्या बायका घालतात तशा नाही. इथं बसफुगडी आहे, दंडफुगडी आहे, एका हाताची आहे. शिवाय झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं, काटवट काणा. रात्री अकराला सुरू झालेला खेळ दोन वाजले तरी एकदा खेळलेल्याकडे परत वळत नाही. साध्या फुगडीत दोन गिरक्या झाल्या की मला गरगरायचं आणि मी हात सोडायचे.

श्रावणातल्या एका दुपारी आक्कांनी दाराला कडी घातली. चटणीचे डबे भिंतीकडे सरकवले, पदर कमरेला खोचला आणि माझ्यासमोर पाय जुळवून उभ्या राहिल्या. अंगठे अंगठ्यांना टेकलेले. हातांची कैची. "मागं रेल. अजून. अंग चोरू नगं, हात ताठ कर. तुझं वजन माझ्याकडं दे." आम्ही फिरायला लागलो. मी नेहमीसारखं खाली बघितलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

"भुईकडं बघू नगं," त्या म्हणाल्या. "भुई फिरतीया. मी फिरत न्हाई. माझ्या तोंडाकडं बघ."

मी बघितलं. मागची भिंत, डबे, खुंटीवरचा कंदील सगळं पुसून रेघांसारखं पळत होतं आणि मध्ये आक्कांचं तोंड अगदी स्थिर होतं, फोटोत असावं तसं. चाळिशी ओलांडलेल्या त्या बाईचं तोंड पंधरा वर्षांच्या पोरीसारखं झालं होतं. कुणाचा तरी पाय लागून तांब्या लवंडला, पाणी पसरलं, तरी त्या थांबल्या नाहीत. थांबतानाही एकदम थांबल्या नाहीत; वेग उतरवत आणला, मग दोन फेरे उलटे घेतले. "चढलेली गिरकी उतरवायला लागती," म्हणाल्या. घरी आल्यावर तळहातांची आग व्हायला लागली. त्यांच्या हातांत मुरलेली मिरची माझ्या हातांत आली होती. रात्री डोळ्यांना हात लागला आणि मी रडतेय की काय म्हणून सासूबाई घाबरल्या.

त्या वर्षी गौर आली. पंचगंगेच्या घाटावरून बायका तेरड्याची रोपं घेऊन गात आल्या. वडी-भाकरी आणि शेपूच्या भाजीचा नैवेद्य झाला, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आणि तिला न्यायला शंकरोबाही आले. जेवणं आवरल्यावर गल्लीतल्या दिव्याखाली फेर धरला गेला. नवी सून म्हणून मला मध्ये ओढलं. एका दांडग्या जावेबरोबर मी फुगडी धरली, तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि शेवटी तीच "सोड, सोड" म्हणाली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी आक्कांना शोधलं.

त्या त्यांच्या पायरीवर बसल्या होत्या.

फेर त्यांच्यापासून सहा हातांवर असेल. गाणं अडलं की फेरातली कुणीतरी मान वळवून विचारायची, "आक्का, पुढचं?" आणि पायरीवरून पुढचं कडवं यायचं, सुरात, ताल न चुकवता. बायका ते उचलायच्या आणि फेर पुढे सरकायचा. गल्लीतली बहुतेक गाणी त्यांचीच होती. फेर आमचा होता. कुंकू नसलेली बाई गौरीच्या फेरात येत नाही, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, कारण बोलायची वेळच येत नव्हती. आक्का पायरीवर बसतात. देव्हारा कोपऱ्यात असतो तशी ती व्यवस्था.

दाराला कडी का घातली होती, ते मला त्या रात्री कळलं.

मी पदवीधर होते. पुढे शाळेत शिकवायलाही लागले. मुलांना दरवर्षी सांगायचे, शाहू महाराजांनी या करवीर संस्थानात १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. तारखेनिशी सांगायचे. आणि पाच-सहा वर्षं दर गौरीला त्या पायरीसमोर फेर धरत होते. एका वर्षी मात्र राहवलं नाही. फेर सोडून मी पायरीशी गेले आणि हात पुढे केला, "आक्का, चला." मागून एक मोठी बाई हळूच म्हणाली, "असू दे गं. गौरीसमोर कशाला." आवाजात राग नव्हता, काळजीच होती. माझा हात थांबला. आक्कांनी तो थांबलेला बघितला. "जा, जा," म्हणाल्या, "फेर तुटंल." मी गेले.

दुसऱ्या दिवशी देठं खुडायला बसलो तेव्हा दोघींनीही तो विषय काढला नाही. त्यांनी मला एक नवं गाणं सांगितलं. त्यांच्याकडून मिळालेल्या सगळ्या गाण्यांत तेच मला सगळ्यात जड वाटतं.

एकदा करवीर नगर वाचन मंदिरातून मी डॉ. सरोजिनी बाबरांनी संपादित केलेलं लोकगीतांचं पुस्तक आणलं. ती १८५० सालची, कोल्हापूरची जुनी लायब्ररी. तिच्यातल्या पुस्तकात आपली गाणी बघून आक्कांना आनंद होईल असं वाटलं होतं. मी वाचत गेले, त्या मान हलवत ऐकत गेल्या आणि एके ठिकाणी म्हणाल्या, "ह्यो वाळव्याकडचा पाठ हाय. आमच्यात हितं नणंद येती." मी म्हटलं, बाबर मूळच्या बागणीच्याच, वाळवा तालुक्यातल्या. तेव्हा त्यांनी असं बघितलं, जणू परीक्षा माझी होती आणि मी कशीबशी पास झाले. मग विचारलं, "तिनं येवढी गाणी कुणाकुणाकडनं घेतली असतील गं? त्या बायांची नावं हायत का पुस्तकात?" मी पानं चाळण्याचं निमित्त करून मान खाली घातली. मला पुस्तकातल्या बायकांबद्दल विचारलं जातंय असं वाटलं नाही. पायरीबद्दल विचारलं जातंय असं वाटलं.

वर्षं गेली. गल्लीतल्या गणपतीपुढे डॉल्बी आला, गौरीच्या रात्री लवकर आटपायला लागल्या. झिम्मा-फुगडीच्या स्पर्धा सुरू झाल्या. एकसारख्या साड्या, स्टेज, परीक्षक. आमच्या गल्लीचा संघ एका वर्षी उतरला तेव्हा आक्कांनी महिनाभर तालीम घेतली. स्टेजखाली खुर्चीवर बसून. बक्षीस आम्ही घेतलं आणि पेढे आधी त्यांना नेऊन दिले. पेढ्यांनी काय फिटणार होतं?

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा वर आली. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ५ तारखेला नागपंचमी होती. त्या दिवशी आम्ही घर सोडलं आणि रात्री एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर होतो. आक्का ऐंशीच्या घरात. त्यांना खुर्चीत बसवून आणलं होतं. सोबत एक पिशवी, तीत औषधं आणि चटणीची बरणी. लाइट नव्हती. पोरं रडत होती, बाहेर पाऊस तोंड मिटत नव्हता, कुणाचं काय वाहून गेलं याची मोजदाद चालली होती.

अंधारात आक्कांचा आवाज आला. पंचमीचं गाणं, अगदी हळू. पहिलं कडवं त्यांनी एकटीनं म्हटलं. दुसऱ्याला आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी आल्या. मग कुठल्या कुठल्या पेठेतल्या, वाड्यांवरच्या, कधी न पाहिलेल्या बायका टाळी धरायला लागल्या. उठायला जागा नव्हती, म्हणून बसल्या बसल्याच झिम्मा झाला. त्या हॉलमध्ये बसायला पायरी नव्हती. सगळ्याच भुईवर, सगळ्यांच्याच कपाळाचं कुंकू पावसानं धुतलेलं. मेणबत्तीच्या उजेडात आक्का कुठे बसल्यात म्हणून बघितलं, तर त्या बरोबर मधोमध होत्या. त्यांना मधे कुणी नेलं नव्हतं. ज्यांना त्या कोण हे माहीत नव्हतं, त्या बायका त्यांच्याभोवती येऊन बसल्या होत्या.

पुढच्या थंडीत आक्का गेल्या. पायरीच्या घराला कुलूप लागलं.

२०२१ साली माझे यजमान गेले. मला कुणी काही सांगितलं नाही. सासूबाई आधीच गेल्या होत्या, नणंद समजूतदार, मुलगा पुण्यात शिकलेला. तेराव्यानंतर सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि टिकलीकडे गेलेला हात मीच मागे घेतला. त्या वर्षी गौरीच्या रात्री खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. मी ती बातमी दोनदा वाचली, कात्रण कापून ठेवलं. मास्तरणीची सवय.

सप्टेंबरात गौर आली. रात्री गाण्याचा आवाज आला तेव्हा मी दार उघडलं आणि कुठे बसावं हे न ठरवताच आक्कांच्या पायरीवर जाऊन बसले. पायरी गार होती. फेरात निम्म्या सुना माझ्या ओळखीच्याही नव्हत्या. तिसऱ्या कडव्याला गाणं अडलं. एकीनं मान वळवली.

"काकी, पुढचं?"

तीस वर्षं हा प्रश्न मी फेरातून ऐकला होता. पायरीवरून तो वेगळा ऐकू येतो. मी कडवं सांगितलं. आक्कांचाच पाठ, नणंद असलेला. ते बायकांनी उचललं, पण विचारणारी पोरगी जागेवर गेली नाही. चंदगडकडची, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. ती हात पुढे करून उभी होती.

"नको गं," मी म्हटलं. आणि पुढचे शब्द तोंडातून आपसूक आले, "फेर तुटंल."

"तुटू दे की काकी," ती म्हणाली. "परत धरूया."

इतकं सोपं होतं. त्या वर्षी माझा हात थांबला तेव्हा हे एवढंच म्हणायचं राहिलं होतं.

फेरात बघितलं. दोन-तीन माना खाली गेल्या. कुणी काही बोललं नाही. मी उठले, पदर खोचला. गुडघा कुरकुरला. अंगठ्याला अंगठे टेकवले, हातांची कैची केली. ती घाबरून भुईकडे बघायला लागली तशी मी म्हटलं, "खाली बघू नकोस. माझ्या तोंडाकडे बघ." आणि सगळं वजन तिच्याकडे दिलं.

फार फिरलो नाही, सात-आठ गिरक्या असतील. मग आठवणीनं दोन फेरे उलटे घेतले.