मशीनच्या मागचा पैसा

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांची वस्तीच वसली. अशा कारखान्यांचे कर्जप्रस्ताव बनवणं हे माझं काम. उद्योजक बहुधा नव्या व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) मशीनचं कोटेशन घेऊन येतो. मी आधी विचारतो, "माल गेल्यावर पैसे किती दिवसांनी येतात?"

पुढच्या वर्षांचे ताळेबंद मांडताना मला नफ्याआधी हे दिवस कळायला हवे असतात. स्टील येऊन पडतं, जॉब चालतो, माल जातो, बिल दोन महिन्यांनी वसूल होतं. तोवर पगार, वीजबिल आणि हप्ते थांबत नाहीत. वसूल न झालेल्या बिलावरचा जीएसटीही भरावा लागतो. हा मधला काळ खेळतं भांडवल निभावून नेतं.

१९९२ च्या नायक समितीचा ठोकताळा आजही कामाला येतो: खेळत्या भांडवलाची गरज उलाढालीच्या २५ टक्के, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के मालकाचे. उलाढाल दोन कोटींवरून तीन कोटींवर न्यायची, तर ही गरज ५० लाखांवरून ७५ लाखांवर जाते. ४० लाखांच्या मशीनसाठी मालकाने स्वतःचे १० लाख जमवलेले असतात. वाढीव उलाढालीसाठी त्यालाच आणखी ५ लाख घालायचे आहेत, हे मात्र कागदावर नसतं. त्यात वसुली साठऐवजी नव्वद दिवसांवर गेली, की आणखी सुमारे २५ लाख अडकतात. मग मशीनचा हप्ता खेळत्या भांडवलाच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून जातो, स्टीलवाल्याची उधारी थकते आणि ऑर्डर असूनही नवं मशीन मालावाचून उभं राहतं.

२००६ चा एमएसएमईडी कायदा सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला सांगतो. पण एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर कारखाना चालत असेल, तर तक्रार करायला हात धजत नाही. म्हणून वसुलीचे दिवस मी कायद्यातून घेत नाही, मागच्या दोन वर्षांच्या खातेउताऱ्यातून काढतो. त्या दिवसांवर तीन कोटी पेलत नसतील, तर अडीच कोटींचाच ताळेबंद मांडतो. बँकेला तो कमी देखणा दिसेल. पण त्या कारखान्यात पगार तारखेला होतील, आणि चांगल्या प्रोजेक्शनकडून माझी पहिली अपेक्षा तीच आहे.