पाण्याचं देणं

नारकंड्याच्या बर्फाचे माझे फोटो आजही शाबूत आहेत ते सोलापूरच्या एका स्टुडिओवाल्या काकांमुळे. परवा जुनी पाकिटं चाळताना त्या निगेटिव्हच्या पट्ट्या हाती लागल्या. बटर पेपरवर काकांच्या निळ्या शाईत ‘जाने. ८८’ एवढंच.

नारकंडा शिमल्याच्या पुढे, हिंदुस्तान-तिबेट रस्त्यावर, सुमारे २,७०० मीटर उंचीवर. मी निघालो तेव्हा काकांनी ऑर्वोचा एनपी २२ रोल हातात ठेवला. म्हणाले, “लाइट मीटरचं ऐकू नकोस. त्याला समोरचं सगळं करडंच वाटतं. तो सांगेल त्याच्यापेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त उघड, नाहीतर बर्फाची राख होईल.” काकांनी बर्फ कधी पाहिला नव्हता. भर उन्हात चुन्याच्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या, पांढऱ्या धोतरातल्या माणसांचे फोटो काढून त्यांना हे उमगलं होतं.

भिंगाखाली ठाणेदार गावाच्या वाटेवरची सफरचंदाची बाग धरली. पानं झडलेल्या फांद्या निगेटिव्हवर काचेसारख्या स्वच्छ, बर्फ काळाशार; पण त्या काळ्यातही खेचराच्या खुराच्या ठशाची कड वेगळी दिसते, वाऱ्याने पाडलेल्या बारीक लाटा दिसतात, कुंपणाची सावलीसुद्धा. डी-७६ डेव्हलपरमधली वेळ काकांनी मुद्दाम थोडी कमी ठेवली होती, म्हणून हे उरलं.

त्याहून मोठं ऋण धुलाईचं. फिल्ममध्ये हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, राहिला तर काही वर्षांनी पिवळे डाग पडतात, चित्र विरत जातं. वाहत्या नळाखाली अर्धा तास रोल धरावा, एवढं पाणी आमच्याकडे कुठलं! काका फिल्मचा टँक भरून पाच वेळा उलटसुलट करायचे आणि ओतून टाकायचे. पुन्हा भरून दहा वेळा, तिसऱ्यांदा वीस. एवढ्याशा पाण्यात हायपो निघून जायचा. शेवटचं पाणी मात्र घरातून यायचं, काकूंनी उकळून, निववून, फडक्याने गाळलेलं. साध्या पाण्याचे क्षार वाळल्यावर फिल्मवर ठिपके सोडतात.

काका आता नाहीत. बागेच्या फोटोची प्रिंट घेऊन काकूंकडे गेलो. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, “हा रोल कधी धुतला होता?”

“फेब्रुवारीत.”

“मग टँकर सुरू झाले नसतील. आडाचंच पाणी. ते उकळलं की पातेल्याच्या बुडाला पांढरं बसायचं. मी हलवायची नाही, वरचं तेवढं अलगद काढून द्यायची.”

हे काकांनी मला कधी सांगितलं नव्हतं. प्रिंटच्या मागे मी फक्त काकांचं नाव लिहून नेलं होतं. काकूंकडूनच पेन मागून घेतलं आणि त्याच्या शेजारी त्यांचंही लिहिलं.