मृत्यूची दरी कुणासाठी?

वारसा काय, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याचाच इतिहास जपला जातो. आपल्याला हे नवीन नाही. पण कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत ते मी लख्ख उजेडात पाहिलं.

हिवाळ्यात मित्राच्या जीपमधून आम्ही टायटस कॅन्यनच्या कच्च्या रस्त्याने निघालो. सुमारे 43 किलोमीटर, एकाच दिशेने जाणारी वाट. उघडेबोडके डोंगर, लालसर माती, सावलीपुरतंही झाड नाही. सुमारे 1,600 मीटर उंचीची रेड पास खिंड उतरलो की लीडफील्ड लागतं. गंजक्या पत्र्याच्या चार खोल्या आणि डोंगरात पाडलेली खाणींची काळी तोंडं. 1926 मध्ये सी. सी. ज्युलियन नावाच्या प्रवर्तकाने भडक जाहिराती करून इथल्या शिशाच्या खाणीचे शेअर्स विकले. ऑगस्टमध्ये पोस्ट ऑफिस उघडलं, जानेवारी 1927 मध्ये बंदही झालं. गाव ओस पडलं. आज मात्र ते ऐतिहासिक स्थळ म्हणून सरकारी यादीत आहे.

थोडं पुढे क्लेअर स्प्रिंग हा झरा. त्याच्याजवळच्या खडकावर इथल्या आदिवासींनी कोरलेली जुनी चित्रं आहेत. पाणी कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होतं. कॅन्यनला नाव मात्र 1905 मध्ये पाणी संपून याच डोंगरांत हरवलेल्या एका खाण अभियंत्याचं!

ही भूमी टिंबिशा शोशोनी लोकांची. त्यांचं नावच इथल्या लाल गेरूवरून आलंय. 1933 मध्ये सरकारने दरी राष्ट्रीय स्मारक केली आणि ते आपल्याच घरात उपरे ठरले. पुढे तर त्यांची रिकामी दिसलेली मातीची घरं उद्यान प्रशासनाने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडली. विचार करा. फसव्या कंपनीचा पत्रा हा वारसा, आणि माणसांची राहती वस्ती हे अतिक्रमण!

टिंबिशा गप्प बसले नाहीत. 1983 मध्ये जमात म्हणून मान्यता मिळवली. 2000 मध्ये कायदा होऊन सुमारे 7,700 एकर जमीन परत मिळाली. त्यांच्या नेत्या पॉलीन एस्टेव्हस यांचा ‘डेथ व्हॅली’ या नावालाच आक्षेप होता. जिथे आपण पिढ्यान्‌पिढ्या जगलो, ती मृत्यूची दरी कशी?

नावाचा प्रश्न किरकोळ असतो, असं आपल्यालाही सांगितलं गेलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव 1978 चा, नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधल्या सोळा वर्षांत लोकांनी घरं आणि जीव गमावले. नाव किरकोळ असतं, तर एवढा विरोध कशाला झाला असता?

म्हणून मित्रांनो, भटकंती जरूर करा. पण किल्ला असो, लेणी असो की बंद पडलेली खाण, तिथला फलक वाचून थांबू नका. इथे राबलं कोण, इथून हाकललं कुणाला, आणि फलक लिहिला कुणी, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ते शोधून लिहिण्याची जबाबदारी आपली.

जय भीम!