आधी खांब, मग पीक

शेतावर पोचलो की मी आधी पीक बघत नाही, खांब बघतो. तार आभाळात विरून जाते, खांब विरत नाही. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरायचं, आणि खांबाचा तिरपा ताण वेगळा शोधायचा. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला तर 400 केव्हीचं उपकेंद्रच आहे. कारखान्यांच्या आजूबाजूला उरलेल्या भातखाचरांवरून तारा गेल्यात. इथे मी ड्रोनने फवारणी करतो.

2020 च्या टोळधाडीत राजस्थानात बेल 206 हेलिकॉप्टर 250 लिटर औषध घेऊन उडत होतं. ते आमच्याच कामाचं थोरलं रूप. इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर नुसत्या फिरत्या पात्यांवर उतरवता येतं, पण त्यासाठी हाताशी उंची हवी, नाहीतर वेग. फवारताना उंची नसतेच, आणि शेताच्या टोकाला वळताना वेगही उतरतो. आमचा ड्रोन पडला तर पैसे बुडतात. म्हणून लोकांना वाटतं, यात धोका कसला?

धोका बांधावर असतो. पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी जातं. ड्रोनला तेवढंच औषध दहा लिटरांत कालवतात. टाकी भरणाऱ्या पोराच्या हातावर उडणारा थेंब पंधरा-वीस पट जहाल! मी यवतमाळचा. 2017 मध्ये तिथे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरता येत नाही. मदतनीसाने हातमोजे काढले की मी काम थांबवतो. ‘घाम येतो, अण्णा,’ तो कुरकुरतो. येतोच. इथल्या दमट हवेत मास्क लावून उभं राहणं ही शिक्षाच आहे.

सिग्नल तुटला की ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत परत येतो. ही सोय मोकळ्या माळावर छान. इथे तो पिकावरून वर चढताना नेमका तारेत जाईल, म्हणून प्रत्येक शेतात ती उंची नव्याने ठरवावी लागते. कंटाळवाणं काम आहे, घाईत तेच राहून जातं.

उन्हाळ्यात दुपारकडे समुद्राचा वारा आत शिरतो. शेजारच्या खाचरात बाया निंदत असतील तर वारा त्यांच्याकडून आमच्याकडे यायला हवा. उलटा फिरला की मी ड्रोन उतरवतो. भाडं एकरावर, त्यामुळे नुकसान माझंच. मालक तोवर दुसऱ्या ड्रोनवाल्याला फोन लावत असतो.